एक रेणुसूत्र, दोन अल्कोहोले

सॅनिटायझरच्या बाटलीवरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय आपल्यापैकी फार थोड्यांना असते. ज्यांना ती आहे, त्यांच्या लक्षात आले असेल की, काही बाटल्यांवर ‘इथिल अल्कोहोल’ असे छापलेले असते, तर काहींवर ‘आयसोप्रोपिल अल्कोहोल’ किंवा ‘प्रोपेन-२-ऑल’. मोबाईल दुरुस्त करणारा कारागीर ज्याला नुसते ‘आयपीए’ म्हणतो, ते द्रव्य म्हणजे हेच आयसोप्रोपिल अल्कोहोल होय. इथिल अल्कोहोल हा मद्याचा मुख्य घटक असल्याने त्याची माहिती सर्वांनाच असते. त्याच्या या धाकट्या भावंडाची मात्र, ते घरोघरी आणि कार्यालयोकार्यालयी येऊन पोहोचले असूनही, पुरेशी ओळख आपल्याला झालेली नाही. ती करून घेण्याचे कारण केवळ शास्त्रीय कुतूहलाचे नाही, हे पुढे दिसून येईल.

या अल्कोहोलाच्या रेणूत कार्बनचे ३, हायड्रोजनचे ८ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. एवढीच सामग्री घेऊन निसर्गाला किती निरनिराळे पदार्थ रचता येतात, हा आपल्या विषयाचा पहिला प्रश्न आहे.

अक्षरे तीच, शब्द वेगळे

‘कमल’ आणि ‘कलम’ या दोन शब्दांत क, म आणि ल हीच तीन अक्षरे आहेत. केवळ त्यांचा क्रम बदलल्याने एक शब्द तळ्यात उमलतो आणि दुसरा दौतीत बुडतो. पदार्थांच्या बाबतीत अशाच प्रकाराला रसायनशास्त्रात समघटकता म्हणतात. कलाशाखेच्या पदवीधराला हा दृष्टान्त सोयीचा वाटतो खरा, परंतु तो एका ठिकाणी अपुरा पडतो. शब्दातील अक्षरे कोणत्याही क्रमाने मांडता येतात. अणूंना ती मोकळीक नाही. कार्बनला चार हात, ऑक्सिजनला दोन आणि हायड्रोजनला एक हात असतो असे मानले, तर एकही हात रिकामा राहू न देता जी रचना जुळेल तीच शक्य असते.

हा हिशोब वर्गात करून दाखविण्यास महागड्या साहित्याची गरज नाही. भिजविलेले हरभरे, वाटाणे व शेंगदाणे आणि खराट्याच्या काड्या पुरेशा होतात. तीन वाटाणे हे कार्बन मानून ते एका ओळीत काड्यांनी जोडावेत. शेंगदाणा हा ऑक्सिजन, आणि हरभरे हे हायड्रोजन. आता ऑक्सिजन व त्याला चिकटलेला एक हायड्रोजन, म्हणजे ज्याला हायड्रॉक्सिल गट म्हणतात तो, ओळीच्या टोकाच्या कार्बनला जोडला, तर प्रोपेन-१-ऑल तयार होते. मधल्या कार्बनला जोडला, तर प्रोपेन-२-ऑल. एखादा चौकस विद्यार्थी विचारील की, दुसऱ्या टोकाला जोडला तर तिसरा पदार्थ का होऊ नये? त्याला ती प्रतिकृती उलट धरून पाहावयास सांगावे. पहिली रचनाच त्याच्या हाती आल्याचे त्याला तत्काळ समजेल.

तरीही तिसरी रचना आहेच. ऑक्सिजन ओळीच्या बाजूला न बसविता दोन कार्बनांच्या मध्येच बसविला, तर मेथॉक्सिइथेन नावाचे ईथर मिळते. अणुसंख्या तीच, वजन तेच. परंतु हे ईथर सुमारे ७ अंश सेल्सिअसलाच उकळते, म्हणजे आपल्याकडील हवेत ते वायुरूपच राहील. याउलट प्रोपेन-१-ऑल उकळण्यास सुमारे ९७ अंश आणि प्रोपेन-२-ऑल उकळण्यास सुमारे ८२ अंश तापमान लागते. हायड्रॉक्सिल गटामुळे अल्कोहोलाचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात, ईथरच्या रेणूंना ते साधत नाही. मधल्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाच्या दोन्ही बाजूंस कार्बनांची अडचण असल्याने तेथील पकड टोकावरच्यापेक्षा थोडी सैल असते. दोन अल्कोहोलांच्या उत्कलनबिंदूंत जो पंधरा अंशांचा फरक पडतो, त्याचे मूळ बहुतांशी येथे आहे.

शोधाची हकीकत

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी पदार्थाचे घटक व त्यांचे प्रमाण कळले की पदार्थ कळला, असे रसायनशास्त्रज्ञ समजत असत. १८२० नंतरच्या दशकात वोलर यांचे सिल्व्हर सायनेट आणि लीबिख यांचे स्फोटक सिल्व्हर फल्मिनेट या दोहोंचे घटकप्रमाण एकच निघाले, तेव्हा ही समजूत डळमळली. १८३० मध्ये स्वीडनचे बर्झेलियस यांनी या प्रकाराला जे नाव दिले, त्याचा ग्रीक अर्थ ‘समान भागांचे’ असा होतो. आपला ‘समघटक’ हा शब्द त्याचाच नेमका प्रतिशब्द आहे.

आपल्या दोन अल्कोहोलांपैकी पहिले सापडले ते मद्याच्या भट्टीत. मद्यार्काचे ऊर्ध्वपातन झाल्यावर मागे जो तेलकट, उग्र वासाचा अंश उरतो त्याला फ्यूजेल तेल म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ चान्सेल यांनी १८५३ मध्ये त्यातून भागशः ऊर्ध्वपातनाने प्रोपेन-१-ऑल वेगळे केले. दुसऱ्याची कथा अधिक मनोरंजक आहे, कारण त्याचे भाकीत आधी झाले आणि ओळख नंतर पटली. हायड्रॉक्सिल गट मधल्या कार्बनवर असणारी, म्हणजे ‘द्वितीयक’ अल्कोहोले असलीच पाहिजेत, असे जर्मनीतील कोल्बे यांनी केवळ तर्काने सांगितले होते. १८६२ मध्ये फ्रीडेल यांनी ॲसिटोनवर सोडियम पारदमिश्रणाची क्रिया करून जे अल्कोहोल मिळविले, ते कोल्बे यांच्या भाकितातील पदार्थच ठरले. कागदावर मांडलेली रचना ही नुसती सोयीची खूण नसून रेणूत प्रत्यक्ष काहीतरी तसे असते, हा विश्वास दृढ होण्यास अशा घटनांचा मोठा हातभार लागला.

एक स्वस्त, दुसरे महाग

रेणुसूत्र एकच असताना बाजारात आयसोप्रोपिल अल्कोहोल मुबलक आणि प्रोपेन-१-ऑल त्या मानाने महाग व दुर्मीळ का, याचे उत्तर रेणूच्या स्वभावात आहे. खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून प्रोपीन हा वायू मिळतो. त्याच्याशी पाण्याचा संयोग घडविला की अल्कोहोल बनते. परंतु या संयोगात हायड्रोजन, ज्या कार्बनवर आधीच अधिक हायड्रोजन आहेत तेथे जातो आणि हायड्रॉक्सिल गट मधल्या कार्बनवर बसतो. आहे रे वर्गाला आणखी मिळावे असा हा नियम रशियन शास्त्रज्ञ मार्कोव्हनिकोव्ह यांच्या नावाने ओळखला जातो. त्यामुळे प्रोपीनपासून सरळ मार्गाने मिळते ते प्रोपेन-२-ऑल. प्रोपेन-१-ऑल हवे असल्यास इथिलीन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून उत्प्रेरकाच्या साहाय्याने आधी प्रोपेनाल बनवावे लागते आणि मग त्यावर पुन्हा हायड्रोजनची क्रिया करावी लागते.

अमेरिकेतील स्टँडर्ड ऑईल ऑफ न्यू जर्सी या कंपनीने १९२० मध्ये प्रोपीन वायू सल्फ्यूरिक आम्लात शोषून आणि नंतर पाण्याने विरळ करून आयसोप्रोपिल अल्कोहोलाचे उत्पादन सुरू केले. खनिज तेलापासून व्यापारी प्रमाणावर तयार झालेले हे पहिले रसायन मानले जाते. आज जे प्लास्टिक, कृत्रिम धागे आणि रंगद्रव्ये यांचे विशाल विश्व आपण पाहतो, त्याचा आरंभ या साध्या द्रवापासून झाला. आपल्या राज्यात रायगड जिल्ह्यातील तळोजे येथे हे अल्कोहोल प्रोपीनपासून बनते. गुजरातेतील दहेज येथे २०२० मध्ये ते ॲसिटोनपासून तयार करण्याचा प्रकल्प सुरू झाला. म्हणजे फ्रीडेल यांनी चंचुपात्रात घडविलेली क्रिया, वेगळ्या उत्प्रेरकाने का होईना, कारखान्यात अवतरली.

उपयोग

आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पूर्णपणे मिसळते, तेलकट पदार्थही विरघळविते आणि मागे डाग न ठेवता उडून जाते. या तीन गुणांवर त्याचे बहुतेक उपयोग आधारलेले आहेत. पूर्वी टेपरेकॉर्डरचे हेड त्याने पुसत. आता मोबाईल व संगणकातील सर्किटे पुसतात. ऑफसेट छपाईत ते पाण्यात मिसळले असता पृष्ठताण कमी होऊन पाण्याचा पातळ, सारखा थर पत्र्यावर पसरतो. औषधनिर्मिती, शाई, लाखेचे व इतर लेप, सौंदर्यप्रसाधने यांत ते विद्रावक म्हणून वापरतात. शेतकऱ्यांच्या परिचयाचे ग्लायफोसेट हे तणनाशक बहुधा ज्या क्षाराच्या रूपात मिळते, त्यातील आयसोप्रोपिल अमाइन हेही याच घराण्यातले.

परंतु लोकांच्या नजरेत ते आले जंतुनाशक म्हणून. कोविड साथीच्या प्रारंभी, १३ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने सॅनिटायझरचा समावेश जीवनावश्यक वस्तूंमध्ये केला आणि त्यानंतर काही काळासाठी २०० मिलिलिटरच्या बाटलीची कमाल किंमत १०० रुपये ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेने स्थानिक पातळीवर सॅनिटायझर तयार करण्यासाठी दिलेल्या दोन कृतींपैकी एक इथिल अल्कोहोलाची आणि दुसरी आयसोप्रोपिल अल्कोहोलाची आहे. दुसऱ्या कृतीत १० लिटर मिश्रणासाठी ९९.८ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल ७,५१५ मिलिलिटर, ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर आणि ९८ टक्क्यांचे ग्लिसरॉल १४५ मिलिलिटर घेऊन उरलेला भाग निर्जंतुक पाण्याने भरावयाचा असतो. ग्लिसरॉल त्वचेसाठी आहे. पेरॉक्साइड हातावरील जंतूंसाठी नसून बाटलीतच दडलेल्या बीजाणूंसाठी आहे. म्हणूनच भरलेल्या बाटल्या वापरण्यापूर्वी ७२ तास तशाच ठेवाव्यात, असे संघटनेने सांगितले आहे.

एवढे पाणी कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. अल्कोहोल जंतूच्या प्रथिनांची घडी विस्कटते आणि त्याचे स्निग्ध आवरण फोडते. पहिल्या कामाला पाण्याची सोबत लागते. निव्वळ अल्कोहोल जंतूच्या बाहेरील प्रथिने चटकन गोठविते, आत पुरेसे शिरत नाही आणि हातावरून उडूनही लवकर जाते. त्यामुळे ७० टक्क्यांच्या आसपासचे मिश्रण ९९ टक्क्यांपेक्षा अधिक परिणामकारक ठरते. ‘जितके शुद्ध तितके चांगले’ या समजुतीने अधिक दराची निविदा स्वीकारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

दोन समघटकांतील फरक येथेही दिसतो. जीवाणूंना मारण्यात प्रोपेन-१-ऑल हे प्रोपेन-२-ऑलपेक्षा काहीसे सरस आहे. युरोपीय प्रमाणकांनुसार साध्या हस्तस्वच्छतेच्या द्रवाची तुलना ६० टक्के प्रोपेन-२-ऑलशी करतात, तर शस्त्रक्रियेपूर्वी हाताला लावावयाच्या द्रवाची तुलना ६० टक्के प्रोपेन-१-ऑलशी. एका हायड्रॉक्सिल गटाने जागा बदलली की कसोटी बदलते.

या जंतुनाशकाच्या मर्यादाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. स्निग्ध आवरण असलेल्या विषाणूंवर ते उत्तम चालते, परंतु पोलिओसारख्या आवरणरहित विषाणूंवर त्याचा प्रभाव कमी पडतो. धनुर्वाताच्या बीजाणूंवर तर पडतच नाही. जखम स्पिरिटने पुसली म्हणून धनुर्वाताची लस टाळून चालत नाही, ती यामुळेच. शेतातून आलेल्या मातकट हातांना, किंवा शौचानंतर, साबण व पाणी यांना पर्याय नाही.

पोटात गेले तर

३१ जानेवारी २०२१ रोजी पल्स पोलिओ मोहिमेत यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पाच वर्षांखालील १२ बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. बालके बचावली. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात त्याच जिल्ह्यातील वणी येथे टाळेबंदीत मद्य न मिळाल्याने सॅनिटायझर प्यालेल्या ७ जणांचा मृत्यू झाला. त्याआधी, २०२० च्या जुलै महिन्याच्या अखेरीस, आंध्र प्रदेशातील प्रकाशम जिल्ह्यात कुरिचेडू येथे याच कारणाने दहाहून अधिक माणसे दगावली होती. या घटनांत कोणाची चूक किती होती याचा ऊहापोह येथे कर्तव्य नाही. परंतु ‘अल्कोहोल’ हा एकच शब्द चार वेगळ्या पदार्थांना लागू पडतो आणि त्या चौघांची शरीरात गेल्यावरची वाटचाल वेगळी असते, हे गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावयास हवे.

इथिल अल्कोहोलाचे यकृतात ॲसिटाल्डिहाइड व नंतर ॲसेटिक आम्ल बनते. मिथिल अल्कोहोलाचे फॉर्माल्डिहाइड व त्यानंतर फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालते. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक बळी गेले ते मिथिल अल्कोहोलामुळे. आता आपले दोन समघटक पाहू. प्रोपेन-१-ऑलमध्ये हायड्रॉक्सिल गट टोकाला असल्याने त्याचेही ऑक्सिडीकरण आम्लापर्यंत जाऊन प्रोपिऑनिक आम्ल होते. प्रोपेन-२-ऑलमध्ये मात्र मधल्या कार्बनवर एकच हायड्रोजन असतो. तो गेल्यावर वाट ॲसिटोनपाशी येऊन थांबते. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल पोटात गेलेल्या रोग्याच्या श्वासाला नखांचा रंग पुसण्याच्या द्रवासारखा वास येतो. त्याने मिथिल अल्कोहोलासारखे अंधत्व येत नाही, परंतु त्याची गुंगी इथिल अल्कोहोलापेक्षा सुमारे दुप्पट असते, जठराला ते भाजून काढते आणि श्वसन मंदावून प्राणावर बेतू शकते. मुलांच्या बाबतीत थोडी मात्राही धोक्याची ठरते. ताप उतरविण्यासाठी लहान मुलाचे अंग स्पिरिटने पुसण्याची जुनी रीत याच कारणास्तव सोडून दिली पाहिजे. त्याची वाफ श्वासावाटे शरीरात शिरून मुले बेशुद्ध पडल्याची उदाहरणे वैद्यकाला माहीत आहेत.

असा प्रसंग ओढवल्यास रोग्याला उलटी करावयास लावू नये. विनाविलंब रुग्णालयात न्यावे आणि बाटली बरोबर न्यावी. हा शेवटचा मुद्दा बहुधा विसरला जातो. मिथिल अल्कोहोलावर उतारा आहे, आयसोप्रोपिलवर तो द्यावा लागत नाही, श्वसन व रक्तदाब सांभाळावा लागतो. बाटलीत काय होते यावर डॉक्टरांची दिशा ठरते. मिथिलची लक्षणे कित्येक तास, कधी कधी दिवसभर उशिरा दिसतात, तेव्हा ‘आता बरा दिसतो’ म्हणून रोग्याला घरी ठेवणे घातक होय.

बाटलीवर लिहिलेलेच बाटलीत असेल, याची मात्र खात्री नसते. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेने २०२० मध्ये मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील सॅनिटायझरचे १२२ नमुने तपासून घेतले, तेव्हा ५ नमुन्यांत मिथिल अल्कोहोल आढळले आणि ४५ नमुने लेबलाशी जुळले नाहीत.

शाळेतील परीक्षा

अशी भेसळ निश्चित ओळखण्याचे काम वायुवर्णलेखनाच्या यंत्राचे, म्हणजे प्रयोगशाळेचे आहे. तथापि समघटकांतील भेद विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी काही प्रयोग सोपे व बोधप्रद आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल असलेला पातळ, चिकट नसलेला सॅनिटायझर परीक्षानळीत घेऊन त्यात चिमूटभर हळद आणि भरपूर मीठ टाकून हलवावे. पाणी मिठाच्या बाजूला जाते आणि अल्कोहोल वेगळे होऊन वर पिवळा थर तरंगू लागतो. इथिल अल्कोहोलाच्या सॅनिटायझरमध्ये साध्या मिठाने असा थर सुटत नाही. वरच्या वर्गांत आयोडोफॉर्म परीक्षा घ्यावी. आयोडीन व सोडियम हायड्रॉक्साइड यांच्यासह प्रोपेन-२-ऑल पिवळा साका आणि रुग्णालयासारखा वास देते; प्रोपेन-१-ऑल देत नाही. पोटॅशियम डायक्रोमेटचा नारिंगी रंग मात्र दोघेही हिरवा करतात, त्यामुळे केवळ त्या रंगावरून त्यांना ओळखता येत नाही. झिंक क्लोराइड व तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाच्या ल्युकास विक्रियाकारकात द्वितीयक अल्कोहोल काही मिनिटांत गढूळ होते, प्राथमिक थंड अवस्थेत स्वच्छ राहते. मिठाचा थर सुटला म्हणून द्रव निर्भेळ आहे, असा निष्कर्ष विद्यार्थ्यांना काढू देऊ नये. त्यात मिथिल अल्कोहोल मिसळलेले असले तरी थर सुटू शकतो.

हे सर्व प्रयोग करताना जवळपास दिवा किंवा शेगडी नसावी. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलाची वाफ सुमारे १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी होते, म्हणजे आपल्याकडे ती जवळजवळ बारमाही पेट घेण्यास सिद्ध असते. वाफ हवेच्या दुप्पट जड असल्याने जमिनीलगत सरकत जाते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. ज्योत भर उन्हात सहज दिसेलच असे नाही. सभेच्या प्रवेशद्वारी पाहुण्यांच्या हातांवर सॅनिटायझर घालून लगेच दीपप्रज्वलनास बोलाविण्याचा प्रघात साथीच्या काळात पडला होता. हात पूर्ण वाळू देण्याचे भान तेव्हा सर्वत्र राहिले असेलच असे नाही.

साथीच्या काळात खरेदी झालेले पाच-पाच लिटरचे कॅन काही ग्रामपंचायतींच्या कोठारांत किंवा शाळांतील खिचडीच्या खोल्यांत अजून पडून असल्यास त्यांची नोंद घेऊन ते तेथून हलवावेत. पिण्याच्या पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्यांत हा द्रव ओतून ठेवू नये. हवा आणि उजेड लागलेल्या जुन्या, अर्धवट भरलेल्या आयसोप्रोपिलमध्ये कालांतराने पेरॉक्साइडे साचतात, म्हणून ते तापवून आटविण्याचा किंवा पुन्हा गाळून शुद्ध करण्याचा प्रयत्न करू नये. मुदत संपलेला साठा गटारात, विहिरीजवळ किंवा ज्याला सायंकाळी काडी लावली जाते अशा उकिरड्यावर ओतू नये. नवीन खरेदी करताना लेबलावर अल्कोहोलाचे पूर्ण नाव, त्याची टक्केवारी, उत्पादकाचा परवाना क्रमांक, घाणा क्रमांक आणि मुदतीची तारीख आहे किंवा नाही हे पाहून मगच देयक मंजुरीसाठी ठेवावे. नुसते ‘अल्कोहोलयुक्त’ एवढेच लिहिलेला माल परत करावा.